अण्णांची पोस्टातली सर्टिफिकेटं दादाच्या नॉमिनेशनवर आहेत, मग बाकीच्यांचा हक्क संपतो का?

जेलरोडची लेक (प्रश्न)

नमस्कार. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय उत्तर नीट मिळणार नाही.

आमचे अण्णा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. नोटांच्या नाही, सिक्युरिटी प्रेसमध्ये. २०१४ ला रिटायर झाले आणि मागच्या नोव्हेंबरात, २०२५ मध्ये, गेले. शेवटचं दीड वर्ष अंथरुणावरच होते, उजवा हात चालत नव्हता. मृत्युपत्र केलेलं नाही.

घरात आई आहे, मोठा दादा आहे, मी आहे (लग्न होऊन सिडकोत). माझ्या पाठचा भाऊ सहा वर्षांपूर्वी अपघातात गेला. त्याची बायको आणि मुलगी सिन्नरला तिच्या माहेरी राहतात. भाची आता १९ वर्षांची आहे, नर्सिंग शिकते आहे.

अण्णांच्या ट्रंकेत तीन गोष्टी सापडल्या. कॅलेंडरच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, वरून पायजम्याची नाडी बांधलेली. पहिली म्हणजे दहा वर्षांची जुनी छापील राष्ट्रीय बचतपत्रं, १२ नग, प्रत्येकी १०,००० ची, सप्टेंबर २०१४ मध्ये रिटायरमेंटच्या पैशातून घेतलेली. मुदत २०२४ लाच संपली, पण अण्णांची तब्येत बिघडल्यामुळे मोडायची राहून गेली. यांच्या मागच्या बाजूला निळ्या शाईत नॉमिनी म्हणून दादाचं नाव आहे. दुसरं, जून २०२३ मध्ये काढलेलं ३ लाखांचं बचतपत्र. ते पासबुकवालं आहे आणि नॉमिनीची जागा कोरी आहे. तिसरं, आई आणि अण्णा दोघांच्या नावाने ५०,००० चं किसान विकास पत्र, पासबुकवर 'जॉइंट बी' लिहिलंय.

दादा म्हणतो, "माझं नाव घातलंय म्हणजे अण्णांना ते मलाच द्यायचे होते." तो वाईट माणूस नाही. अण्णांचं दीड वर्षाचं दुखणं त्यानेच काढलं, रात्री-अपरात्री उठून त्यांना कुशीवर वळवायचा. पण भावजयीला त्याने फोनवर सांगितलं की तुमचा इथे काही संबंध येत नाही, आणि ते मला झोंबलं. माझा हिस्सा मिळाला नाही तरी मी जगेन. धाकट्याच्या मुलीच्या दोन वर्षांच्या फीचा प्रश्न आहे.

पोस्टात चौकशीला गेले तर खिडकीवरच्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "नॉमिनीला पाठवा, तुमचं काम नाही." दुसऱ्यासाठी म्हणाले, "वारस दाखला आणा." कुठला, कुठून, काही नाही.

नॉमिनी म्हणजे मालक का? आणि कोऱ्या नॉमिनीच्या पासबुकाचं काय करायचं? कृपया ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच सांगा.

सातपूर_कामगार

ताई, माझ्या माहितीप्रमाणे नॉमिनीचं नाव असेल तर पैसे त्याचेच. आमच्या चुलत्यांच्या वेळी असंच झालं, नॉमिनीने सगळे उचलले आणि कोणी काही करू शकलं नाही.

सीबीएसचा वकील

सातपूर_कामगार, उचलले हे खरं, पण 'त्याचेच' हे खरं नाही. हा गैरसमज माझ्याकडे महिन्यातून दोनदा तरी येतो, आणि त्यापायी भाऊ-बहिणींची तोंडं कायमची फिरलेली मी पाहिली आहेत. म्हणून सविस्तर लिहितो.

ताई, तुमचा प्रश्न जसाच्या तसा सर्वोच्च न्यायालयात जाऊन आलेला आहे, तोही राष्ट्रीय बचतपत्रांवरच. विशिन खानचंदानी विरुद्ध विद्या खानचंदानी, निकाल २००० सालचा. तेव्हा १९५९ चा शासकीय बचतपत्र कायदा लागू होता. त्याच्या कलम ६ ची भाषा वाचली तर कोणालाही दादासारखंच वाटेल. त्यात म्हटलं होतं की इतर कुठल्याही कायद्यात काहीही असलं तरी, आणि मृत्युपत्रात काहीही असलं तरी, धारकाच्या मृत्यूनंतर नॉमिनी हाच इतर सर्वांना वगळून रकमेला पात्र. तरीही न्यायालयाने सांगितलं की ही तरतूद पैसे कोणी स्वीकारायचे एवढ्यापुरतीच आहे. सरकारने एका माणसाच्या हाती रक्कम दिली की सरकार मोकळं, वारसांच्या भांडणात पोस्ट ओढलं जाऊ नये, एवढाच तिचा हेतू. रक्कम हातात आल्यावर नॉमिनीने ती वारसाहक्काच्या कायद्याप्रमाणे ज्यांची आहे त्यांना द्यायची. त्याच कायद्याच्या कलम ८ मध्ये लिहिलेलं होतं की ज्याला पैसे दिले गेले त्याच्याकडून मृताच्या प्रतिनिधीला ते वसूल करता येतात, मृताची देणी वगैरे वजा करून. नॉमिनी मालक असता तर हे वाक्य कायद्यात कशाला घातलं असतं?

पुढे २०१८ मध्ये तो १९५९ चा कायदा रद्द होऊन बचतपत्रं १८७३ च्या जुन्या बचत बँक कायद्याखाली आली. त्या कायद्याचं नाव आता शासकीय बचत प्रोत्साहन कायदा. पण नॉमिनीबद्दलचं तत्त्व बदललेलं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सच्या बाबतीत शक्ती येझदानी प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: नॉमिनेशन हा वारसाहक्काचा तिसरा मार्ग नाही. वारसा एक तर मृत्युपत्राने येतो, नाही तर वारसा कायद्याने.

आता वारस कोण? तुम्ही हिंदू असाल तर १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा. मृत्युपत्र नाही, म्हणून वर्ग एकचे वारस: विधवा पत्नी, मुलगे, मुली, आणि आधी वारलेल्या मुलाची विधवा व मुलं. तुमची आजी, म्हणजे अण्णांची आई, हयात असेल तर तिलाही हिस्सा, हे विसरू नका. ती नसेल तर चार सारखे भाग होतात. एक आईचा, एक दादाचा, एक तुमचा, आणि एक तुमच्या दिवंगत भावाच्या शाखेचा. त्या शाखेत भावजय आणि भाची अर्ध्या-अर्ध्या, म्हणजे दोघींचा प्रत्येकी आठवा हिस्सा. तुमचं लग्न झालंय याने तुमचा हिस्सा कमी होत नाही, आणि भावजय माहेरी राहते याने तिचा कमी होत नाही.

एक मात्र स्पष्ट समजून घ्या. पोस्ट दादालाच पैसे देणार, आणि ते बरोबरच आहे. पोस्टाशी भांडून उपयोग नाही. दादा ऐकणारच नाही असं दिसलं, तर पैसे निघायच्या आत दिवाणी न्यायालयातून मनाई मिळवावी लागते. निघाल्यावरही दावा करता येतो, पण खर्च झालेला पैसा वसूल करणं किती अवघड असतं ते वेगळं सांगायला नको.

पोस्टातले काका

मी ३४ वर्षं डाक खात्यात काढली, त्यातली निम्मी बचत शाखेत. खिडकीवर तुम्हाला मिळालेलं उत्तर वाचून वाईट वाटलं. माणूस गेलेल्या घरचा कोणी समोर आला की आधी बसा म्हणावं, असं आम्हाला शिकवलं होतं.

वकीलसाहेबांनी हक्काचं सांगितलं. मी कागदांचं सांगतो.

बारा जुन्या बचतपत्रांचं आधी बघा. सप्टेंबर २०१४ चा दर ८.८ टक्के, सहामाही चक्रवाढ. १०० चे दहा वर्षांनी २३६.६० होत होते. म्हणजे १०,००० च्या एकेका नगाचे २३,६६०, आणि बाराचे २,८३,९२०. मुदत संपल्यावर तो दर पुढे चालत नाही. म्हणून भांडण मिटेपर्यंत कपाटात ठेवू असं म्हणू नका, त्यात सगळ्यांचंच नुकसान आहे. दादांनी फॉर्म ११, मृत्यूचा दाखला, स्वतःचं आधार-पॅन आणि मूळ सर्टिफिकेटं घेऊन जावं. नॉमिनी असल्यावर रकमेची मर्यादा नाही, सहा महिने थांबायचीही गरज नाही. मागच्या बाजूचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. जुन्या हस्ताक्षरात आडनाव एक आणि आधारवर दुसरं, यातच बहुतेक क्लेम अडकतात.

किसान विकास पत्राची काळजी नको. 'बी' प्रकार म्हणजे दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो. ('ए' असतं तरी हयात राहणाऱ्यालाच गेलं असतं.) आईंनी मृत्यूचा दाखला द्यायचा, खातं आईंच्या एकटीच्या नावाने होतं. मोडायचं असेल तर धारकाच्या मृत्यूमुळे मुदतीआधी मोडता येतं. जॉइंट खात्यात नॉमिनीचा विचार सगळे धारक गेल्यावरच होतो. पण ताई, त्याच दिवशी आईंकडून नवीन नॉमिनेशन भरून घ्या. चार जणांपर्यंत नावं घालता येतात आणि प्रत्येकापुढे हिस्सा लिहिता येतो. नॉमिनी बदलायला पूर्वी ५० रुपये फी होती, ती एप्रिल २०२५ पासून काढून टाकली आहे.

आता तो कोऱ्या नॉमिनीचा ३ लाखांचा. नॉमिनी नाही, मृत्युपत्र नाही, आणि मृत्यूपासून सहा महिन्यांत कोणी कोर्टाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र आणलं नाही, तर ५ लाखांपर्यंतची रक्कम पोस्ट कोर्टाशिवाय देऊ शकतं. तुमचं यात बसतं. फॉर्म ११ सोबत प्रतिज्ञापत्र, बाकीच्या वारसांचं हक्क सोडल्याचं पत्र आणि जामीनदारांसह हमीचा बाँड, असे कागद लागतात. नोव्हेंबरात गेले म्हणजे सहा महिने मे मध्ये होतात.

पण इथे घाई करू नका. हे बचतपत्र जून २०२३ चं आहे, दर ७.७ टक्के. मृत्यूमुळे मुदतीआधी मोडता येतं, पण एक वर्षाच्या आत मोडलं तर फक्त मुद्दल, आणि एक ते तीन वर्षांत मोडलं तर बचत खात्याचा दर, तोही सरळ व्याजाने. तीन वर्षं भरल्यावर कोष्टकाप्रमाणे त्याहून बरं मिळतं. तुमची तीन वर्षं जून २०२६ ला भरतात. मे मध्ये मोडलंत तर एका महिन्यासाठी बरीच मोठी रक्कम सोडाल. त्याहून चांगलं म्हणजे मोडूच नका. धारकाच्या मृत्यूनंतर बचतपत्र वारसाच्या नावावर ट्रान्सफर होतं. एरवी बचतपत्र असं कोणाच्याही नावावर करता येत नाही. धारकाचा मृत्यू, कोर्टाचा आदेश, किंवा कर्जासाठी तारण, एवढ्याच कारणांनी होतं. ट्रान्सफर करून जून २०२८ पर्यंत ठेवलंत तर १,००० चे १,४४९ होतात, म्हणजे ३ लाखांचे साधारण ४ लाख ३४ हजार ७००.

अवांतर: अण्णा प्रेसमध्ये होते म्हणालात. ही छापील बचतपत्रं आणि किसान विकास पत्रं तिथेच, सिक्युरिटी प्रेसमध्ये, छापली जायची. जुलै २०१६ पासून छापील देणं बंद झालं आणि पासबुक आलं. ट्रंकेतली ती बारा त्यांच्याच कारखान्यातली असणार.

जेलरोडची लेक

काका, शेवटची ओळ वाचून थांबले. अण्णा घरी कुठलाही सरकारी कागद आला की खिडकीपाशी नेऊन उजेडात धरायचे. आतलं पाण्याचं चिन्ह आम्हाला दाखवायचे, म्हणायचे, "कागदाला अंगठा लावून बघ, आमच्या हाताखालून गेलेला कळतो." आज ती बारा सर्टिफिकेटं मी तशीच खिडकीत धरून बघितली. पोस्टाचा गोल शिक्का पुसट झालाय, दादाच्या नावातला एक काना सुटलाय, पण कागद अजून कडक आहे.

आजी नाही, ती २००३ लाच गेली.

वकीलसाहेब, दोन शंका. खिडकीवरचे म्हणाले तो वारस दाखला तलाठ्याकडून आणायचा का? आणि काका म्हणतात ते हक्क सोडल्याचं पत्र आम्ही सह्या करून दिलं तर आमचा हिस्सा गेला ना?

सीबीएसचा वकील

दुसरी शंका आधी घेतो, कारण खरा धोका तिथेच आहे.

हो, ते पत्र जपून. पोस्टाला पैसे एकाच्या हाती द्यायचे असतात, म्हणून बाकीच्यांनी "आमची हरकत नाही, आम्ही हक्क सोडतो" असं लिहून द्यायचं असतं. लोक तो पोस्टाचा एक फॉर्म समजून पोत्याने सह्या करतात, आणि पुढे तोच कागद दाखवून सांगितलं जातं की तुम्ही तर सोडलं होतं. म्हणून आधी घरात समजुतीचा लेख करा. स्टॅम्पपेपरवर, पाचही जणांच्या सह्या, दोन साक्षीदार: अमुक बचतपत्राची रक्कम अमुकच्या खात्यात येईल आणि त्याने ती अशी वाटायची. त्यानंतरच पोस्टाचं पत्र. दादाच्या नॉमिनेशनवरच्या बाराही बचतपत्रांचा उल्लेख त्याच लेखात करा. माझं मत विचाराल तर नॉमिनी नसलेलं बचतपत्र आईच्या नावावर ट्रान्सफर करून घ्यावं. आईने आपल्या नॉमिनेशनमध्ये हिस्से लिहावेत, पण नॉमिनेशनने मालकी ठरत नाही हे वर आलंच, म्हणून आईचं साधं मृत्युपत्रही सोबत करून ठेवा.

आता दाखला. यात तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. तलाठ्याकडे होते ती सातबाऱ्यावरची वारस नोंद, ती जमिनीसाठी. कोर्टाचा वारस दाखला आपल्याकडे १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतो, तो मुख्यत्वे घर-जमिनीला आणि वारस कोण हे दाखवायला वापरतात. बँक-पोस्टातलं येणं आणि रोखे यांच्यासाठी असतं ते उत्तराधिकार प्रमाणपत्र, १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३७२ खाली. मृत व्यक्ती जिथे राहत होती तिथल्या कोर्टात अर्ज, सगळ्या वारसांची नावं, रकमांची यादी, मग नोटीस, हरकती. कोर्ट फी रकमेवर लागते, आणि वेळही जातो. तुमच्या घरात एकमत झालं तर तुम्हाला यातलं काहीच लागणार नाही. रक्कम ५ लाखांच्या वर असती, किंवा एकानेही सही नाकारली, तर मात्र हाच रस्ता.

आणि फीची भीती बाळगू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तुम्ही, आई, भावजय, भाची चौघीही त्यात येता. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे साधा अर्ज करायचा. नोटीस पाठवण्याआधी तिथे समेटासाठीही प्रकरण घेतात. माझ्याकडे येण्याआधी तिथे जा.

सिन्नर फाटा

माझ्या सासूबाईंच्या वेळी आम्ही उलटी चूक केली. नॉमिनी माझे मिस्टर होते. त्यांनी पैसे काढले आणि नणंदांना न विचारता घराच्या स्लॅबला घातले. मनात खोट नव्हती, मालकी आपलीच असं त्यांना खरंच वाटत होतं. चार वर्षांनी नणंदेने विचारलं तेव्हा द्यायला काही उरलं नव्हतं. शेवटी तीन दिवाळ्या हप्त्याने फेडले. ताई, पैसे खात्यात येतील त्याच आठवड्यात वाटून टाका. दादांनाही हे वाचायला द्या.

जेलरोडची लेक

उशिरा लिहितेय, माफ करा. मधे परत पोस्टात जाऊन आले, आणि मग रविवारी सगळे जेलरोडला जमलो. भावजय आणि भाची सकाळच्या एसटीने आल्या. मी वकीलसाहेबांचं पहिलं उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं, सर्वोच्च न्यायालयाच्या नावापासून आठव्या हिश्शापर्यंत. दादा काही बोलला नाही, उठून गॅलरीत गेला. मला वाटलं झालं, मोडलं सगळं.

अर्ध्या तासाने आत आला आणि म्हणाला, "मला नॉमिनी केलं तेव्हा अण्णांनी काय सांगितलं होतं माहितीये? म्हणाले होते, तू घरात असतोस, तुला पोस्टात जायला बरं पडेल." हे त्याने स्वतःच सांगितलं. मग भाचीच्या फीची पावती मागितली.

माझ्या हिश्शाबद्दल त्याचं मन अजून वळलेलं नाही. "तुझ्या लग्नाला अण्णांनी कर्ज काढलं होतं," म्हणाला, आणि ते खोटं नाही. पण मी सांगितलं की माझा चौथा हिस्सा लेखात लिहिला जाईल. घेऊन मी तो कोणाला द्यायचा ते माझं मी ठरवेन, आणि दुखण्यात त्याने जो खर्च केला त्याचा हिशेब आधी सगळ्यांनी मिळून भागवू. यावर आई म्हणाली, "हे बरोबर आहे, लिहा." दादाने 'बघू' म्हटलं. त्याचं 'बघू' म्हणजे नकार नसतो, एवढं मी त्याला ओळखते.

ठरलं ते असं. मंगळवारी दादा आणि मी दोघं मिळून बारा सर्टिफिकेटं घेऊन जाणार. नावातल्या सुटलेल्या कान्यासाठी प्रतिज्ञापत्र करून ठेवलंय. किसान विकास पत्र आईच्या एकटीच्या नावाने करायला दिलं आहे. आईने नॉमिनीच्या रकान्यात तीन नावं सांगितली, दादा, मी आणि भाची, आणि प्रत्येकापुढे तिने स्वतः हिस्सा लिहिला. ३ लाखांचं मोडायचं नाही, मे नंतर आईच्या नावावर घ्यायचं. समजुतीच्या लेखाचा मसुदा विधी सेवा प्राधिकरणात दाखवायला गुरुवारी जातेय.

पोस्टातले काका, एक विचारायचं राहिलं. पैसे दिल्यावर जुनी सर्टिफिकेटं पोस्ट ठेवून घेतं ना? आईला त्यातलं एक तरी हवं आहे.

पोस्टातले काका

ठेवून घेतं ताई, भरणा झाल्याची सही घेऊन जमा करतात, परत मिळत नाही. जायच्या आधी दोन्ही बाजूंची रंगीत झेरॉक्स काढून घ्या. मागची बाजू विसरू नका, अण्णांनी सही तिथेच केली असेल.